काम नसताना खातो किती

कुठल्याही यंत्राशी मास्तरांची ओळख ते यंत्र रिकामं बसलेलं असताना व्हायची. गाळ्यात नवीन काही आलं, म्हणजे शेठच्या केबिनमधला रेडिओ किंवा वरच्या मजल्यावरच्या लोकांचं झेरॉक्सचं मशीन, की ते त्याला चालवून बघायचे नाहीत. नुसता प्लग लावून ठेवायचे, शांतपणे चहा प्यायचे, आणि मग उजव्या हाताची बोटं उलटी करून त्याच्या पाठीला लावायचे. आई तापलेल्या मुलाचं कपाळ बघते तसं.

"कोमट आहे," ते म्हणायचे. "काहीएक काम करत नाही, तरी कोमट आहे. म्हणजे खातोय. काम करताना सगळेच खातात हो. काम नसताना खातो किती, ते सांगा."

हा प्रश्न ते यंत्रांपुरता ठेवत नसत. सरकारी कचेऱ्या, लग्नाचे हॉल, शेठचे दोन मेहुणे, सगळ्यांना तो लागू होता.

गाळा मुलुंडला, एल.बी.एस. रोडपासून आत, एका इंडस्ट्रियल इस्टेटीत पहिल्या मजल्यावर होता. ऐंशीच्या दशकाचा मध्य. घरोघर टीव्ही येत होते आणि प्रत्येक टीव्हीखाली एक स्टॅबिलायझर लागत होता. आमचं पोट त्या स्टॅबिलायझरवर चालायचं. मी तिथे इंजिनिअर म्हणून लागले ती माझी पहिली नोकरी. शाळा घाटकोपरच्या कॉन्व्हेंटमधली. घरी मराठी बोलायचो, पण परक्यांपुढे ते माझ्या घशात अडकायचं, आणि इंग्रजी बोललं की लोक वळून बघायचे. म्हणून मी दोन्ही बोलत नसे.

वायरिंगच्या टेबलावर सहा बायका होत्या आणि त्यांची म्होरकी शालनताई. पहिल्याच आठवड्यात तिने मला ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, "मॅडमना मराठी कळतं ना गं? की रविवारच्या दुपारच्या सिनेमासारखी खाली इंग्लिश पट्टी लावायची?"

बायका हसल्या. गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला स्टुलावर बसलेल्या मास्तरांनी मान वर केली नाही. "गप रव गो शालन," ते म्हणाले. "ह्या चेडू बरा आसा. काम नसताना काय खाईत नाय."

माझ्या गप्प बसण्याला कोणी गुण म्हटल्याची ती पहिली वेळ.

त्यांना मास्तर का म्हणत, ते कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी आयुष्यात कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. साठीचे, सडपातळ, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात पेनाच्या जागी टेस्टर. गाव मालवणकडे, राहायला नाहूर. एरवी मुंबईचं मराठी बोलायचे; राग आला किंवा आनंद झाला की गावाकडे वळायचे. त्यांच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांचे मीटर जिन्याखाली होते. रविवारी दुपारी मास्तर घरातलं एकूण एक बटण बंद करून खाली येत आणि आपल्या मीटरची चकती बघत उभे राहत. सगळं बंद असूनही ती मुंगीच्या पावलांनी सरकायची. तीन रविवार लागले, पण चोर सापडला. दारावरची बेल. कोणी येवो न येवो, बेलच्या पेटीतला ट्रान्सफॉर्मर चोवीस तास विजेवर बसून होता. मास्तरांनी बेल काढली आणि दारावर पाटी लावली: कडी वाजवा. मग शेजाऱ्यांच्या चकत्या तपासल्या आणि कोणाच्या घरी काय चोरून खातंय, त्याच्या चिठ्ठ्या दारांखालून सरकवल्या. सोसायटीच्या सेक्रेटरीने त्यांना जिन्याखाली उभं राहायला मनाई केली. ते बाहेर उभे राहून खिडकीतून बघू लागले.

हे सगळं मला काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने सांगितलं. "दूधवालो दोन दिवस बेल शोधून परत गेलो गो," त्या म्हणाल्या. "दोन दिवस काळो चाय."

शेठ मुलुंडमध्येच जन्मलेले, कच्छी, मनाने मोकळे. ते मास्तरांना सांभाळून घ्यायचे, कारण बाजारातल्या कुठल्याही पॉवर सप्लायचं दुखणं मास्तर बोटांनी ओळखायचे. एक दिवस शेठ केबिनमधून बाहेर आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या टाइपचं काम आलंय. असा गिऱ्हाईक परत भेटणार नाही."

गिऱ्हाईक म्हणजे एक सरकारी खातं. कोकणातल्या नद्यांच्या काठावर पाण्याची उंची मोजणाऱ्या पेट्या बसवायच्या होत्या. पेटी तासाला एकदा जागी होणार, पाणी किती चढलं ते रेडिओवरून चार सेकंदांत सांगणार आणि पुन्हा झोपणार. पूर येत असेल तर खालच्या वाड्यांना आधी कळावं, एवढ्यासाठी. तिथे वीज नाही. बॅटरी डोक्यावरून न्यायची, आणि नेणारा माणूस महिन्यातून एकदाच जाणार. म्हणजे एका बॅटरीवर पेटी तीस दिवस चालली पाहिजे.

अडचण पेटीची नव्हतीच. झोपलेल्या पेटीला जवळजवळ काहीच लागत नव्हतं. अडचण होती बॅटरी आणि पेटी यांच्यामधल्या पॉवर सप्लायची. बॅटरीची वीज पेटीला हवी तशी करून देणारा तो मध्यस्थ. आधुनिक जातीचा, एका सेकंदात हजारो वेळा चालू-बंद होऊन वीज पुढे ढकलणारा. रेडिओ बोलत असताना तो फार हुशार होता. घेतलेलं बहुतेक सगळं पुढे द्यायचा. पण पेटी झोपली तरी हा हजारो वेळा उघडमीट करतच राहायचा. पेटीने घोटभर मागावं आणि ह्याने स्वतः बादली प्यावी, असा प्रकार. बॅटरी आठ-नऊ दिवसांत संपायची. आधी दोन कंपन्यांनी हात टेकले होते.

"वाढायला ठेवलेला आचारी," मास्तर म्हणाले. "पंगत उठली तरी जेवतोय."

त्यांनी मला समोर बसवलं आणि एका कागदावर नळ काढला. "तू घाटकोपरची ना? तुमच्याकडे पाणी किती वेळ येतं?"

"सकाळी एक तास."

"मग दिवसभर तहान लागली की काय करता?"

"माठातून घेतो."

"माठ. नळ सोडून ठेवून पेलाभर पाणी कोणी पितं काय? ह्याला पण तेच शिकवायचं. चार ठोके देऊन माठ भर आणि झोप. पाणी खाली गेलं की उठ, पुन्हा चार ठोके. आणि माठात पाणी किती, ते बघणारा पहारेकरी ठेवायचा. तो पण असा की स्वतः थेंबसुद्धा पिणार नाही."

पहारेकऱ्यासाठी त्यांनी इतक्या मोठ्या मापाचे रेझिस्टर निवडले की त्यांतून वाहणारा करंट आमच्या मीटरवर दिसतसुद्धा नव्हता. त्याचा त्यांना भारी अभिमान. चार महिने आम्ही त्यावर काम केलं. मी मोजायचे, लिहायचे; ते बोटं उलटी करून बघायचे. शेवटी एका दुपारी त्यांनी माझा हात धरून ट्रान्सफॉर्मरवर ठेवला. तो टेबलाइतकाच थंड होता.

फक्त आवाज करायचा. प्रत्येक वेळी माठ भरताना ट्रान्सफॉर्मर बारीक टिक करायचा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टिक.

शेठ येऊन कान लावून उभे राहिले. "मास्तर, आतमध्ये पाल पाळलीत काय? चुकचुकतेय."

"पाल नाही. झोपेत कूस बदलतोय."

"आणि ह्याला लाल दिवा कुठाय? चालू आहे की बंद, कसं कळणार?"

"दिवा बघायला नदीवर कोण आहे? बेडूक?"

शेठ हसले, पण जाता जाता थांबले. "मास्तर, एक सांगतो. माझा भागीदार रोज विचारतो. तीस दिवसांची टेस्ट पास झाली तर झकास. नाही झाली तर हा नाद आपण सोडला. मग तुम्ही आणि मी, स्टॅबिलायझर."

मास्तर बोर्डाकडे वळले. त्यांना आयुष्यात हे एकच करायचं होतं, आणि त्याच्यासाठी जागा देणारा दुसरा शेठ त्यांना या वयात मिळणार नव्हता. हे त्या गाळ्यात सगळ्यांना माहीत होतं.

टेस्ट सुरू झाली. खिडकीजवळच्या टेबलावर नवी बॅटरी, तिच्यापुढे उघडा बोर्ड, आणि रेडिओच्या जागी मोटारीचा एक बल्ब. तो तासातून एकदा चार सेकंद पेटायचा. रोज सकाळी मी रीडिंग घेऊन वहीत लिहायचे. बॅटरी इतकी सावकाश उतरत होती की मला माझ्याच मीटरचा संशय यायचा. बाराव्या दिवशी मास्तर देवीच्या दसऱ्याला गावी गेले. टेबलावर पुठ्ठ्याची पाटी ठेवली: हात लावू नये. मला म्हणाले, "तू आहेस म्हणून जातोय."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाळ्यात पूजा असायची. दुपारी सगळं बंद करायचं, हत्यारं पुसून मांडायची, प्रत्येक यंत्राला झेंडूचा हार आणि हळदकुंकू. ड्रिल मशीन झालं, वाइंडिंगचं मशीन झालं, माझा ऑसिलोस्कोपसुद्धा नवरीसारखा दिसू लागला. मग तबक घेऊन शालनताई खिडकीजवळच्या टेबलापाशी आली.

"आणि ह्याला?"

मी पाटीकडे बोट दाखवलं.

"हात लावू नये म्हणतात. कुंकवाचा हात वेगळा." मागे बायका हसल्या. "सगळ्यांना लावलं आणि ह्यालाच वगळलं तर रुसेल ना गं. मास्तरांचं बाळ ते. माझा हात नको असेल तर तू लाव. तुझा चालतो त्याला."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. पहिल्यांदाच त्या मला काहीतरी आपल्यातलं करायला सांगत होत्या. 'नको' एवढंच म्हणायचं होतं. ते मला त्या वयात जमत नसे. मी विचार मात्र केला, अगदी शिकलेल्या बाईसारखा. जिथे करंट जास्त तिथे धोका, म्हणून बॅटरीच्या तारांपासून दूर, बोर्डाची सगळ्यांत निवांत जागा निवडली. जिथून जवळजवळ काहीच वाहत नाही अशी. पाण्यात कालवलेलं हळदकुंकू तिथे एका बोटाने टेकवलं. आरती झाली, पेढे वाटले. सगळ्या पांगल्यावर मला कसंतरी वाटलं आणि मी रुमालाने ते पुसून टाकलं. बोर्ड पुन्हा हिरवा दिसायला लागला.

सुट्टीनंतरच्या सकाळी रीडिंग घेतलं तर बॅटरी तीन दिवसांत आठवड्याइतकी उतरली होती.

मास्तर आले. वही बघितली, स्टुलावर बसले आणि बसूनच राहिले. मग शोध सुरू झाला. त्यांनी ट्रान्सफॉर्मरला हात लावला, डायोड बघितले, बॅटरी तपासली. टिक आता भराभर येत होती. "माठ गळतोय," ते स्वतःशी म्हणायचे. "कुठून गळतोय?" त्यांनी डबा उघडणं बंद केलं. शालनताईने विचारलं तर म्हणाले, "काम नाही केलं तर जेवू कशाला?" आणि ते विनोदाने म्हणत नव्हते.

मला संशय पहिल्याच दिवशी आला होता. चौथ्या दिवशी खात्री झाली. तरी मी आठ दिवस काही बोलले नाही. कुंकू दिसत नव्हतं, मास्तरांनी कोणाला विचारलं नव्हतं, आणि रोज सकाळी वाटायचं की आज ते स्वतःच शोधून काढतील. माझं गप्प बसणं बिनखर्चाचं आहे असा मास्तरांचा समज होता. त्या आठवड्यात त्याने माणूस खाल्ला.

नवव्या दिवशी त्यांनी टेस्टर खिशात ठेवला, शर्ट झटकला आणि शेठच्या केबिनकडे निघाले. "सांगून टाकतो," ते मला म्हणाले. "कल्पनेतच खोट आहे. उगाच लोकांना किती दिवस..."

"सर, कुंकू मी लावलं."

ते थांबले. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एकच शब्द विचारला.

"खंय?"

मी जागा दाखवली. पहारेकऱ्याच्या त्या दोन मोठ्या रेझिस्टरांच्या मधोमध. मास्तर बोर्डावर वाकले, बराच वेळ भिंगातून बघत राहिले, आणि मग त्यांनी अगदी हळू, चष्म्याच्या काचेवर सोडतात तसा, त्या जागेवर श्वास सोडला.

टिक टिक टिक टिक टिक.

श्वासाची वाफ उडाली तशी टिक मंदावली. त्यांनी पुन्हा श्वास सोडला. पुन्हा ती धावली. मग त्यांनी स्पिरिटने ती जागा धुतली, टेबललॅम्पखाली सुकवली, आणि आम्ही दोघं वाट बघत बसलो. टिक. मी मनात आकडे मोजत होते. खूप वेळाने, पूर्वीसारखी, एक टिक.

कुंकवाचा डाग गेला होता, पण त्यातलं खारं काहीतरी मागे राहिलं होतं, आणि हवेतला ओलावा त्यावर बसत होता. पहारेकऱ्याच्या वाट्याला करंट इतका थोडा, की तेवढी ओलसुद्धा त्याला फसवायला पुरली. त्याला वाटायचं माठ रिकामा झाला. तो नळ सोडायचा आणि भरलेल्या माठावरून पाणी वाहून जायचं. जिथे सगळ्यांत कमी वाहतं तीच त्या बोर्डावरची सगळ्यांत नाजूक जागा होती. पुस्तकं वाचून मी नेमकी ती निवडली होती.

"शेठ!" मास्तरांनी हाक मारली. "शालन! हंय येवा सगळी. ह्याच्यार फुंका."

त्या दुपारी अख्ख्या गाळ्याने पाळीपाळीने त्या बोर्डावर श्वास सोडला. डाग धुतल्यावरही नुसत्या वाफेने टिक धावत होती. शेठच्या श्वासाला सगळ्यांत जास्त टिक आल्या. शालनताईचा चेहरा उतरला होता. "मीच लावायला सांगितलं," ती म्हणाली. "हिचा काही दोष नाही, मास्तर."

"दोष कोणाचा विचारलाय कोणी?" मास्तर म्हणाले. "नदीवर पेटी गेल्यावर पाऊस काय तुला विचारून येणार होता? बरं झालं इथेच कळलं." आणि त्यांनी डबा उघडला. सकाळची भाकरी वातड झाली होती, तरी सगळी खाल्ली.

पण टेस्ट बिघडली होती, आणि दोन दिवसांनी खात्याचे साहेब बघायला येणार होते. शेठ म्हणाले, मागचं राहू दे, नवीन बॅटरी लावून दाखवू. मास्तर म्हणाले, वही दाखवायची. सगळी पानं.

साहेब आले. संगमेश्वरकडचे, हसायची सवय नसलेले. वहीतल्या घसरलेल्या आकड्यांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "इथे काय झालं?"

"ही सांगेल," मास्तर म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

मी सांगितलं. अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, मध्ये मध्ये थांबत. पूजा, कुंकू, रुमाल, आठ दिवस. आठ दिवस हे शब्द शेठनासुद्धा नवे होते. सांगून झाल्यावर माझे कान इतके तापले होते की मास्तरांनी उलटी बोटं लावली असती तर चटका बसला असता.

साहेबांनी वही मिटली. "आमच्याकडे चार महिने भिंतींना घाम असतो," ते म्हणाले. "तिथे कुंकवाची गरज नाही." थोडा वेळ त्यांनी बोर्डाकडे बघितलं. "एक महिना देतो. पण अशी कोरड्या टेबलावरची टेस्ट मला नको. ओल्या जागी ठेवा."

मास्तरांनी बोर्डाला वाइंडिंगचं वॉर्निश तीन वेळा चढवलं. पहारेकऱ्याचे रेझिस्टर थोड्या कमी मापाचे घेतले. त्यामुळे तो आता थोडंसं पिणार होता, आणि त्याचं दुःख त्यांना दोन दिवस पुरलं. ओली जागा म्हणून त्यांनी स्वतःची न्हाणीघराची फळी दिली. नाहूरला, बादलीच्या बरोबर वर.

"ह्याच्यासमोर आंघोळ करू?" काकू म्हणाल्या.

"तो बघणा नाय गो. झोपलेलो असता."

"झोपलेलो? तासाक एकदा डोळो उघडता मेलो."

टॉवेल टाकून बल्ब झाकायला मास्तरांनी परवानगी दिली, बोर्ड मात्र उघडाच. वर काकूंना पाणी जास्त कढत घ्यायची सक्ती केली. वाफ कमी पडता कामा नये. मी रोज सकाळी कामावर जाताना नाहूरला उतरायचे, ओल्या फरशीवर उकिडवी बसून रीडिंग घ्यायचे, आणि काकू माझ्या हातात चहा द्यायच्या. तिसऱ्या आठवड्यापासून शालनताईही यायला लागली, आपलं कामच असल्यासारखी. फळीकडे हात जोडून, लांबूनच.

तिसाव्या दिवशी साहेब आले. न्हाणीघराच्या दारात चपला काढून आत गेले, स्वतःचं मीटर लावलं, आणि बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली आहे हे दोनदा बघितलं. कागदावर सही केली. चाळीस पेट्यांचं काम आम्हाला मिळालं. शेठनी मास्तरांना मिठी मारली, ती मास्तरांना आवडली नाही.

"झालं ना?" काकू म्हणाल्या. "काढा आता फळीवरनं."

"कित्याक? अजून चलता. खंयपर्यंत चलता ता बघूक नको?"

एकतिसाव्या दिवशी मला कोणी बोलावलं नव्हतं, तरी मी गेले. बत्तिसाव्यालाही. एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी दार काकूंनी उघडलं. केस ओले होते आणि हातात बोर्ड, बॅटरी आणि बल्ब असं सगळं जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं गाठोडं होतं. बॅटरी संपली नव्हती. काकूंचा धीर संपला होता. आतून मास्तर काहीतरी ओरडत होते.

"घे गो बाय," काकूंनी ते गाठोडं माझ्या हातात दिलं. जड होतं, आणि आतून टिक ऐकू आली. "ह्याका तुझ्या नदीवर नेऊन ठेव."